नडगीतली रेघ

बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत, असं माझा बाप म्हणायचा. मी एस.टी.त कंडक्टर झाले, म्हणजे जन्मभर बोलण्याचाच पगार घेतला. "पुढं सरका, आत चला, ओ टोपीवाले, दारातनं हला, मावशी, पिशवी मांडीवर घ्या!" कोरेगावहून गाडी निघाली की रहिमतपूरला आधी माझा आवाज पोचतो आणि मग गाडी, अशी लोक माझी चेष्टा करायचे. अशा बाईला पुण्याची एक डॉक्टरीण शांतपणे सांगते, "कणसेआजी, सहा महिने रोज सकाळी चालायचं. एकटीनं. बरोबर कोणी नको, बोलायचं नाही, गाणी नाहीत, फोन नाही."

मी म्हटलं, "अहो, त्यापेक्षा पाय कापून ठेवून घ्या की."

ती हसली नाही. तेव्हा मला कळलं की हे प्रकरण गंभीर आहे.

सगळं चाललं होतं ते रेवासाठी. रेवा माझी नात. मुलगा सोहम आणि सून मृण्मयी पुण्यात नोकरीला, त्यांची ही एकुलती. पाळण्यात असतानाच तिच्या उजव्या गुडघ्यात पू झाला. जीव वाचला, पण गुडघ्याखालची वाढ तिथंच करपली. डावा पाय वयाप्रमाणे वाढत गेला आणि उजवा मागं राहिला. आठव्या वर्षी उजव्या बुटाला जाड तळवा लावावा लागत होता, आणि दर वर्षी तो आणखी जाड व्हायचा. शाळेतली पोरं चिडवायची. ती घरी येऊन एक शब्द बोलायची नाही, बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. सूनबाईनं मला हे सांगितलं तेव्हा मी फोनवरच त्या पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

डॉक्टर चैताली उमराणींनी अशा मुलांसाठी एक उपाय शोधला होता. त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं आणि विचारलं, "हाड कसं वाढतं, माहीत आहे?"

"दूध प्याल्यानं," मी म्हटलं.

यावर मात्र त्या हसल्या. मग त्यांनी समजावलं, आणि मला ते एका दमात कळलं. लहान मुलाच्या लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, एक पातळ चकती असते. तिच्यातल्या पेशी फुटतात, एकीच्या दोन होतात. पण फुटतात त्या आडव्या, शेजारीशेजारी. तशाच राहिल्या तर हाड नुसतं रुंद होईल, लांब होणार नाही. म्हणून त्या सरकतात. एकमेकींचा हात न सोडता हळूहळू वळतात आणि एक दुसरीच्या खाली जाऊन बसते. पुन्हा फुटतात, पुन्हा सरकतात, आणि एकीखाली एक अशी उभी रांग लागते. रांगेच्या तळाच्या पेशी फुगतात, तिथं चुना भरतो आणि त्याचं हाड होतं. वर नव्या येतच असतात. रांग जेवढी लांबते तेवढं मूल उंच होतं.

पडद्यावर काही दिवसांचं सरकणं मिनिटभरात दाखवत होते. दोन फुगीर ठिपके शेजारी उभे होते. त्यातला एक रेंगाळला, दबला, वळला आणि दुसऱ्याच्या खाली शिरला. मी ओरडलेच, "अगं बाई! पुढं सरका, आत चला!"

"अगदी तेच," उमराणी म्हणाल्या.

"पण यांना सरका म्हणून सांगतं कोण? यांची कंडक्टर कोण?"

"आपलं चालणं. प्रत्येक पावलाला हाड दबतं आणि सुटतं. पेशी एकमेकींना धरून असतात, त्यांना तो दाब कळतो. दाब कुठून येतो त्यावरून वर कुठं आणि खाली कुठं हे त्या ओळखतात. दाबाची दिशा रोज बदलत राहिली तर रांग लागत नाही, नुसती गर्दी होते."

रेवाच्या चांगल्या गुडघ्यातून चिमूटभर पेशी काढून त्यांनी नवी चकती वाढवायला घेतली होती. अशा चकत्या आधी यंत्रात वाढवल्या होत्या. यंत्र दाबायचं, सोडायचं, दाबायचं. रांगा आल्या, अगदी फूटपट्टीनं आखाव्यात तशा. पण त्या चकत्या मुलांच्या पायात बसवल्या तर पहिल्याच जिन्याला रांगा घसरल्या. यंत्राचं पाऊल कधी वाकडं पडत नाही, त्यामुळं त्या पेशींना खाचखळगे सोसायची सवयच नव्हती. म्हणून चकती जिवंत पायातच वाढवायची, जवळच्या नात्यातल्या माणसाच्या. नडगीच्या हाडावर, कातडीखाली, सुपारीएवढी डबी बसवायची आणि त्या माणसानं चालायचं. रेवाचा स्वतःचा डावा पाय चालला नसता. ती लंगडायची, आणि लंगडणाऱ्याच्या दोन्ही पायांत लंगडणं असतं. सोहम आणि सूनबाईच्या पायांची ठेवण तपासली, ती जुळली नाही. माझ्या नडगीची ठेवण मात्र रेवाच्या नडगीशी तंतोतंत जुळली.

"नाक माझं, पण पाय आईंचे," सूनबाई म्हणाली. मला मेलीला त्याचाही आनंद झाला.

"आणि एकटीनंच का?" मी विचारलं.

"दोन माणसं बरोबर चालली की पावलं आपोआप जुळतात," उमराणी म्हणाल्या. "तुम्हाला कळत नाही, पण पेशींना कळतं. एका मुलाच्या वडिलांच्या पायातली चकती अशीच फुकट गेली. ते रोज बायकोबरोबर फिरायला जायचे. कधी स्वतःची चाल, कधी तिची. सगळ्या रांगा कलल्या. आणि आजी, ही संधी एकदाच आहे. रेवाच्या चांगल्या पायातून पुन्हा पेशी काढल्या तर त्या पायाची वाढ अडेल."

निघताना त्यांनी मला खोलीत दोनदा चालवून बघितलं. "पाय फार फाकून टाकता हो तुम्ही."

"तीस वर्षं हलत्या गाडीत उभी होते. पाय जवळ ठेवले असते तर प्रवाशांच्या मांडीवर पडले असते."

"थोडी ही चाल रेवातही उतरेल."

"उतरू दे. धक्का लागला तरी पडणार नाही पोरगी."

डबी बसली. टाके वाळल्यावर मी कोरेगावला परत आले आणि चालायला लागले. वेळही ठरलेली. पेशींनाही घड्याळ असतं म्हणे, त्या सकाळीच जास्त सरकतात. रहिमतपूरकडं जाणारा जुना रस्ता निवडला, कारण सगळी वाहनं आता बायपासनं जातात. जुन्या रस्त्यावर तेवढी एस.टी. येते, दिवसातून तीनदा. तिच्यात कंडक्टर नाही आणि ड्रायव्हरही नाही. आपली आपण येते, थांबते, एक गोड आवाजाची बाई 'कृपया सावकाश चढा' म्हणते आणि गाडी निघते. मी कंडक्टरांच्या शेवटच्या तुकडीतली. आमच्यानंतर दोरीची बेल काढून टाकली.

पहिला महिना मला वेड लागायची पाळी आली. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, पण घर खायला उठतं म्हणजे काय हे मला कधी कळलंच नव्हतं, कारण मी घरात असायचेच कुठं? आता सकाळी रस्ता खायला उठायचा. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये मी. ओळखीची माणसं भेटायची, "काय कंडक्टरबाई, कुठं निघाला?" विचारायची, आणि मी मान खाली घालून पुढं. गावात बोभाटा झाला की कणसेबाई शिष्ट झाली. कुणाकुणाला धरून डबीचं पुराण सांगणार? मनातल्या मनात मी जुने थांबे पुकारत चालायचे, तेवढंही नंतर सोडलं. पुकारताना पाऊल लांबतं, असं मला वाटायला लागलं होतं.

डबीत डोळा होता. रोज संध्याकाळी पुण्याहून रांगांचं चित्र यायचं आणि खाली उमराणींचा एकच शब्द, 'सरळ'. मग रेवाचा फोन.

"आजी, माझ्या बायका आज नीट उभ्या राहिल्या का?" पेशींना ती बायका म्हणायची.

"राहिल्या बाई. एकही दारात लोंबकळत नव्हती."

दिवसातलं तेवढंच बोलणं. फोन ठेवला की पुन्हा भिंती.

दुसऱ्या महिन्यात मुलाणी मागं यायला लागले.

बशीर मुलाणी माझे ड्रायव्हर. आगारात आम्हाला नावं नव्हती, मी कणसेबाई आणि ते मुलाणी. तीस वर्षांतली बरीचशी आमची ड्यूटी एकाच गाडीवर. ते पुढं, मी मागं, मध्ये पन्नास डोकी. बोलणं व्हायचं ते दोरीनं. मी दोन बेल दिल्या की ते मागं न बघता डावा हात वर करायचे, म्हणजे ऐकलं, आणि गाडी निघायची. त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि ते माझ्याच रस्त्याला आले. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेलेला, त्यामुळं ते जरा लंगडत चालायचे.

पहिल्या दिवशी मी हातानंच सांगितलं, जवळ येऊ नका, बोलू नका. नंतर बाजाराच्या दिवशी भेटले तेव्हा सगळं उलगडून सांगितलं.

"हात्तिच्या," ते म्हणाले. "म्हणजे मी मागं राहायचं आणि तोंड बंद ठिवायचं. एवढंच न्हवं? माझी तर जन्माची सवय हाय. बोलायचं काम तुमचंच होतं."

बरोबर चालायचं नाही, हा नियम. ते बरोबर कुठं चालत होते? चांगले लांब मागं असायचे. बोलणं नाही, बघणं नाही. नियम मोडला असं माझ्या मनातही आलं नाही. फक्त मागनं त्यांच्या चपलेचा आवाज यायचा, एक पाऊल टेकलेलं, एक ओढलेलं. आणि मला रस्ता बरा वाटायला लागला. खरं सांगते, मी सकाळची वाट बघायला लागले. स्वच्छ साडी नेसायला लागले, या वयात. मागं वळून बघायची गरजच नव्हती, कोणीतरी आहे हे कानाला कळत होतं.

तीन आठवड्यांनी संध्याकाळचं चित्र आलं आणि खाली 'सरळ' नव्हतं. उमराणींचा फोनच आला.

"आजी, रांगा कलल्यात. तुम्ही कोणाबरोबर चालताय?"

"देवाशपथ एकटीच चालते."

"तुमच्या पावलांचा आलेख माझ्यासमोर आहे. उजवा पाय नेहमीपेक्षा जास्त वेळ टेकतोय आणि डावा घाईनं उचलला जातोय. ही तुमची चाल नाही. ही दुसऱ्या कुणाची तरी आहे."

"मागं एक जण असतात," मी म्हटलं. "पण लांब असतात हो. आमच्या गाडीचे ड्रायव्हर. बोलतसुद्धा नाहीत."

मग त्यांनी विचारलं, "हलत्या गाडीत तुम्ही तोल कसा सांभाळायचा?"

आणि तिथंच मला उत्तर मिळालं. दोन्ही हातांत तिकिटं आणि पैसे, धरायला हात कुठला रिकामा? मी मुलाण्यांच्या पायावर उभी असायचे. त्यांचा डावा पाय क्लचवर गेला की त्याचा एक बारीक आवाज यायचा, आणि माझे गुडघे आपोआप सैल व्हायचे. वळण येणार, ब्रेक लागणार, हे माझ्या पायांना माझ्या आधी कळायचं. तीस वर्षं माझे पाय त्या डाव्या पायाचं ऐकत होते. आता तो पाय रस्त्यावर मागनं वाजत होता, आणि माझे गुडघे इमानदारीनं त्याचं ऐकत होते.

"अजून वेळ गेलेली नाही," उमराणी म्हणाल्या. "वरून नव्या पेशी येतायत, त्या सरळ लागतील. पण आणखी आठवडाभर असंच चाललं तर ही चकती मला टाकून द्यावी लागेल."

त्या संध्याकाळी रेवाचा फोन आला. "आजी, माझ्या बायका वाकड्या झाल्या म्हणे?"

"होतील सरळ," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चालायच्या आधी मी मुलाण्यांच्या दारात उभी राहिले. आत गेले नाही. आमच्या गावात रस्त्यावर दोन माणसांत अंतर ठेवलं तर ते सगळ्यांना दिसतं, पण घरात बसलेल्या विधुर-विधवेमधलं अंतर कुणाला दिसत नाही. त्यात एक मुलाणी आणि एक कणसे. बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? आगाराची कँटीन होती तोवर तिथं चहाला बसता यायचं, कुणी काही म्हणायचं नाही. आगार बंद झालं, कँटीन गेली. आमच्यासारख्यांना शेजारी बसायची जागाच गावात उरली नव्हती. हा रस्ता तेवढा होता.

मी दारातूनच सगळं सांगितलं. मुलाणी ऐकून घेत होते. मग आपल्या डाव्या गुडघ्याकडं बघत म्हणाले, "म्हंजे माझा क्लच अजून तुमच्या पायात हाय म्हणा की."

"आहे."

"पोरीच्या पायाचा सवाल हाय, बाई. मी न्हाई येत."

"दुसऱ्या रस्त्यानं चाला. साखर वाढेल नाहीतर."

"बघू." ते दाराला टेकले. "आमचा पोरगा इरफान कवापासनं बोलावतोय सोलापूरला. मी त्याला म्हणायचो, पुढच्या महिन्यात येतो, पुढच्या महिन्यात येतो. आता कशाला थांबू?"

मला कळलं की ते कशासाठी थांबले होते. आणि हेही कळलं की मी आता 'थांबा' म्हटलं तर ते थांबतील. ते थांबले तर मी सकाळी कान लावून चालेन, त्यांची चप्पल वाजो की न वाजो. मी स्वतःला ओळखते. मी फक्त म्हटलं, "सोलापुरात ऊन फार. टोपी घाला."

"घालतो," ते म्हणाले.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी गेले. सगळी गल्ली गेली होती, म्हणून मलाही जाता आलं. मुलगा खोकी बांधत होता, बायका चहा करत होत्या. दहा माणसांत काय बोलणार? फ्रीज कुणाला दिला ते बोललो. पंखा भावाला दिला म्हणाले. मी म्हटलं, चांगलं केलं.

सकाळच्या गाडीनं ते जाणार होते. स्टँडवर जाता येईना, ती माझ्या चालायची वेळ. तोवर रांगा परत सरळ व्हायला लागल्या होत्या, आणि उमराणींनी बजावलं होतं की आता मध्ये थांबायचंसुद्धा नाही, चाल मोडू द्यायची नाही. मी चालत होते. मागनं गाडी आली. माणूस दिसलं की ती हळू होते आणि ती गोड बाई बोलते, "कृपया बाजूला व्हा." तुझ्या तोंडात साखर पडो, म्हटलं, आणि उजव्या कडेला सरकून चालत राहिले.

गाडी माझ्या शेजारून हळूहळू पुढं गेली. उजव्या बाजूला, जिथं पूर्वी ड्रायव्हर बसायचा, तिथं आता प्रवाशांची सीट आहे. तिथं मुलाणी बसले होते. डोक्यावर टोपी, दोन्ही हात मांडीवर, नजर समोर रस्त्यावर. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. हात वर केला नाही. तीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

का ते मला ठाऊक होतं. हात वर झाला असता तर माझे पाय थांबले असते.

मी थांबले नाही. उसातनं गाडी वळली, दिसेनाशी झाली. मला रडू फुटलं आणि मी रडत रडत चालले, पाय फाकून, माझ्याच चालीनं. रडताना पाऊल बदलतं का, हे उमराणींना विचारायचं राहिलं होतं. दिवसभर तीच धास्ती. संध्याकाळी चित्र आलं. खाली लिहिलं होतं, 'सरळ'.

पुढचे महिने मी एकटी चालले. अशी एकटी की कावळा ओरडला तरी बरं वाटायचं. मुलाण्यांना फोन केला नाही. त्यांनीही केला नाही, मला वाटतं त्याच कारणानं. त्यांचा आवाज कानात घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला नको होतं. हळूहळू मागनं काही वाजत नाही याची सवय झाली, आणि मग सवय झाली आहे हेही विसरले.

डबी निघाली. चकती रेवाच्या पायात बसली. प्लास्टर, व्यायाम, रडारड, सगळं झालं. वर्षभरानं उमराणींच्या खोलीत आम्ही सगळे एक्स-रे बघत होतो. उजवी नडगी वाढली होती, हो, चांगली बोटाच्या पेराएवढी वाढली होती. बुटाचा तळवा पातळ करावा लागला. आणखी दोन-तीन वर्षांत तो लागणारच नाही, उमराणी म्हणाल्या. सूनबाई माझ्या गळ्यात पडून रडली. सोहम खिडकीशी जाऊन उगाच पडदे बघत उभा राहिला.

"ही रेघ कसली?" रेवानं पडद्यावर बोट ठेवलं. गुडघ्याच्या खाली, नव्या हाडात, एक फिकट आडवी रेघ होती.

उमराणींनी माझ्याकडं बघितलं. "घाबरायचं काही नाही. चकती वाढत होती तेव्हा तीन आठवडे रांगा कलल्या होत्या. त्या पेशींचं हाड झालं, त्याची ही खूण. पाय वाढेल तशी खाली राहत जाईल आणि रेवा मोठी होईपर्यंत विरून जाईल."

मी म्हटलं, "मला याची प्रत द्या."

दिवाळीच्या सुट्टीत मी रेवाला घेऊन सोलापूरला गेले. कारण नातीला फिरवायचं, असं सांगितलं. इरफानचं घर सातव्या मजल्यावर. मुलाणी बारीक झाले होते. मी पिशवीतून एक्स-रे काढला, त्यांनी तो खिडकीतल्या उजेडात धरला.

"कुठली?"

मी बोट ठेवलं. ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"ही आपण दोघं?"

"तीन आठवडे. पोरगी मोठी झाली की विरून जाणार म्हणतात."

"तवर आपण तरी कुठं राहतोय," ते हसत म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग चहाला खाली उतरलो. समोरच्या चौकात टपरी होती. इथं आम्हाला कोण ओळखतंय! मी पहिल्यांदाच मुलाण्यांच्या शेजारून चालले. आता बंदी नव्हती, डबी नव्हती. मी वाट बघत होते की पाय जुळतील. त्यांचा डावा पाय वाजत होता, एक टेकलेलं पाऊल, एक ओढलेलं. मी कान दिला. गुडघ्यांना काही झालं नाही. मुद्दाम पाऊल आखडलं, तर अडखळले. पुन्हा बघितलं. मी आपोआप पुढं निघून जात होते, मग थांबत होते, मग पुन्हा पुढं. पेशींना शिकवता शिकवता माझे पायच एकट्यानं चालायचं शिकून बसले होते. मला तिथंच भर रस्त्यात रडू आलं.

"काय झालं?" मुलाणी म्हणाले.

"तुमचा क्लच लागत नाही हो मला."

ते थांबले. पुढं उड्या मारत गेलेली रेवा परत आली, आम्हा दोघांच्या मधे शिरली आणि तिनं मुलाण्यांचा हात धरला. "चला ना, आजोबा."

दोघं पुढं निघाले. रेवा पाय फाकून चालते, अगदी माझ्यासारखी, डुलत. पण चार पावलांत तिचा डावा पाय जरा ओढला जायला लागला. लंगडतेय! "रेवा, नीट चाल!" हे ओठावर आलं होतं. मग लक्षात आलं. लंगडत नव्हती ती. आजोबांबरोबर चालत होती, एवढंच.

मी ओरडले नाही. डोळे पदरानं पुसले आणि माझ्या चालीनं मागनं निघाले. पुढं ते, मागं मी, अंतर तेच जुनं. रस्ता मोकळा होता. मी तोंडानंच दोन बेल दिल्या, "टिंग टिंग."

मुलाण्यांनी मागं न बघता डावा हात वर केला.